मांडव राहिला, चिपांचं काय राहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण ‘एआयचा फुगा फुटणार का?’ या विषयावर दोन तज्ज्ञांना आमनेसामने बसवलं होतंत. एक म्हणाले, फुटणार. दुसरे म्हणाले, हा फुगाच नव्हे. दोघांचं वाचून चहा गार झाला आणि मला विंचूरची वाइन आठवली.

मी अर्थतज्ज्ञ नाही. १९७७ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो आणि २०१३ साली निवृत्त झालो. शेवटची दहा-बारा वर्षं निफाड तालुक्यात शेतीकर्जांच्या फायली पाहण्यात गेली. त्यामुळे ‘फुटणार का’ हा प्रश्न मला फारसा सुचत नाही. माझ्या डोक्यात आधी येतं ते आमच्या मॅनेजरांचं वाक्य, ‘तारण काय आणि ते किती वर्षं टिकतं ते सांगा, बाकी नंतर बोलू.’ आपल्या दोन्ही तज्ज्ञांनी शेअरच्या भावावर दीड पान लिहिलं, पण तारणाचा उल्लेख केला नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय. काटछाट आपल्या मर्जीने करा, फक्त द्राक्षाचा भाग ठेवा.

नव्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क झाला, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत आमच्या तालुक्यात कॅबरने, शिराझ ही नावं गणपतीच्या आरतीसारखी तोंडपाठ झाली. ज्यांनी जन्मात वाइन चाखली नव्हती ते वारकरी शेतकरीसुद्धा शेनिन ब्लांकची कलमं शोधत फिरत होते.

फायलीचा क्रम ठरलेला असायचा. वायनरी शेतकऱ्याशी करार करायची की पुढची अमुक वर्षं तुझा सगळा माल आम्ही घेऊ. तो करार घेऊन शेतकरी आमच्या टेबलाशी. कराराच्या जोरावर आम्ही लागवडीला कर्ज देणार. वायनरीवाले दुसऱ्या बँकेत जाऊन सांगणार, एवढ्या एकरांचा माल बांधलेला आहे, टाक्यांना पैसे द्या. त्या चकचकीत टाक्या रस्त्यावरून दिसल्या की आणखी दहा शेतकरी करार मागायला रांगेत. कागदोपत्री सगळं चोख. शेतकऱ्याला वायनरीचा आधार, वायनरीला शेतकऱ्याचा, आणि बँकेला दोघांचा. वाइन पिणारा माणूस तेवढा या साखळीत नव्हता. तो प्रोजेक्ट रिपोर्टातल्या एका तक्त्यात होता, ‘मागणी : दरवर्षी वाढती’. त्या तक्त्याशेजारी लाल पेनाने केलेली बरोबरची खूण माझी आहे.

२००८ची जागतिक मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन टाक्यांतच राहिली, आणि टाक्या भरलेल्या म्हटल्यावर नवा माल घालायचा कशात?

त्या हंगामातली एक सकाळ मी विसरत नाही. विंचूरजवळचे आमचे एक जुने खातेदार, मी त्यांना आप्पा म्हणायचो, जेवणाचा डबा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर उघडला. आत काळीभोर, बारीक मण्यांची द्राक्षं. म्हणाले, ‘साहेब, खाऊन बघा.’ मी चार मणी तोंडात टाकले. साखर म्हणाल तर जीभ चिकटेल इतकी. पण साल जाड, आणि प्रत्येक मण्यात बिया. बिया कुठे टाकायच्या म्हणून मी रद्दी व्हाउचर पुढे ओढलं. आप्पा म्हणाले, ‘गोड आहे ना? पण पिंपळगावच्या बाजारात व्यापारी हसतो. म्हणतो, हे खाणार कोण? बेदाणा करायला जावं तर निव्वळ बियांचा चुरा.’

थॉम्पसनचा, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा, भाव पडला तर माणूस बेदाणा करतो, लोकल मार्केटला देतो, अगदीच झालं तर पाहुण्यांना वाटतो. वाइनचं द्राक्ष एकाच गिऱ्हाइकासाठी जन्माला येतं. ते गिऱ्हाईक दारात आलं नाही की त्याची किंमत शून्य. हे मला कर्ज मंजूर करताना कळायला हवं होतं. कळलं ते डब्यातली द्राक्षं खाताना.

आप्पांनी बाग काढली. ट्रॅक्टरला साखळी लावून वेली उपटल्या तेव्हा मी पंचनाम्याला बांधावर उभा होतो. पण लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या नळ्या, विहीर, मोटार, सगळं जागच्या जागी होतं. पुढच्या वर्षी त्याच मांडवावर त्यांनी खायच्या द्राक्षाची बाग चढवली. कर्ज फिटायला सात वर्षं लागली, तरी फिटलं. मांडव होता म्हणून फिटलं.

आता अमेरिकेकडे या. नावं बदला, फायलीचा क्रम तोच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये बातमी आली की चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपली संगणकं भाड्याने देणाऱ्या ओरॅकलशी पाच वर्षांचा तीनशे अब्ज डॉलरचा करार केला. त्याच सुमारास ओरॅकलचा शेअर एका दिवसात ३६ टक्के चढला, आणि महिना संपायच्या आत कंपनीने १८ अब्ज डॉलरचे रोखे काढले. म्हणजे करार दाखवून कर्ज. त्याच महिन्यात एआय ज्यांवर चालतं त्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं की आपण ओपनएआयमध्ये शंभर अब्ज डॉलरपर्यंत गुंतवू. ओपनएआय त्या पैशांतून घेणार काय? एनव्हिडियाच्या चिपा. ऑक्टोबरात एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीने तर गिऱ्हाइकालाच, म्हणजे ओपनएआयला, दुकानाची सुमारे दहा टक्के मालकी देऊ केली, अट एवढीच की माल आमच्याकडून घ्या. आमच्या बँकेत असं एकमेकांना पैसे फिरवताना कुणी सापडलं असतं तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी दोन्ही खात्यांचे उतारे शेजारी मांडून घाम फोडला असता. तिकडे तो राजरोस व्यवहार आहे. त्यात बेकायदा काही नाही, हेही सांगून टाकतो.

परतफेडीची ऐपत पाहा. नोव्हेंबर २०२५मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतः आकडे दिले. वर्षअखेरीस विक्रीचा वेग वर्षाला वीस अब्ज डॉलरच्या वर जाईल, आणि पुढच्या आठ वर्षांत सुमारे चौदाशे अब्ज डॉलर खर्चाची बांधिलकी आहे. हे आपल्या मापात आणू. वर्षाला दोन लाख रुपयांचा माल विकणारा शेतकरी आठ वर्षांत एक कोटी चाळीस लाख द्यायचं कबूल करून बसलाय. दोन लाख ही नुसती विक्री बरं का, नफा नव्हे. बाग वाढेल, उत्पन्न वाढेल, हे त्याचं म्हणणं. वाढेलही. मी अशा माणसाला ‘आधी एक एकर करून दाखवा’ म्हणालो असतो. (वाइनच्या वेळी का म्हणालो नाही, असं विचाराल. तेव्हा शाखेला लागवड कर्जाचं टार्गेट होतं आणि शेजारची बँक डोळे झाकून देत होती.) गंमत म्हणजे गुंतवणूकदार एआयबाबत अतिउत्साहात आहेत, असं ऑगस्ट २०२५मध्ये याच ऑल्टमनसाहेबांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या तज्ज्ञांचा एक मुद्दा मात्र मला पटला. २००० सालच्या बहुतेक डॉट-कॉम (इंटरनेटवरच्या नव्या) कंपन्यांकडे नफा नव्हता. आज खर्च करणारे मायक्रोसॉफ्ट, गुगल, अ‍ॅमेझॉन, मेटा दरवर्षी रग्गड कमावतात. खरंय. पण जोवर ते स्वतःच्या खिशातून खर्च करत होते तोवर मला काळजी नव्हती. २०२५मध्ये त्यांनीही उसने पैसे आणायला सुरुवात केली. मेटाने लुइझियानातल्या एका डेटा सेंटरसाठी, म्हणजे संगणकांच्या गोदामासाठी, सुमारे सत्तावीस अब्ज डॉलरची व्यवस्था वेगळी कंपनी काढून केली, म्हणजे ते कर्ज मूळ ताळेबंदात ठळक दिसायला नको. खिसा भरलेला माणूस भावाच्या नावावर कर्ज काढायला लागला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात.

आता तारण. या सगळ्या पैशांचा मोठा हिस्सा चिपांमध्ये जातो. एनव्हिडिया नवी पिढी आता वर्षा-दोन वर्षांनी काढते. चाळीत कांदा साठवलेला असताना नवा कांदा लासलगावला उतरावा, तसं जुन्या चिपांचं होतं. आमच्याकडे यंत्रावर घसारा, म्हणजे दरवर्षी झिजेपोटी वजा करायची रक्कम, धरायचा तर नियम ठरलेला असायचा. तिकडे २०२५च्या सुरुवातीला मेटाने आपल्या सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं, आणि अ‍ॅमेझॉनने आपल्या काही सर्व्हरचं सहावरून पाचवर आणलं, कारण दिलं एआयमुळे तंत्र फार भराभर बदलतंय. एकाच जातीची यंत्रं, एकच हंगाम, एक म्हणतो जास्त टिकतील, दुसरा म्हणतो कमी. आयुष्य वाढवलं की त्या वर्षीचा घसारा घटतो आणि नफा फुगून दिसतो. मी दोन्ही फायली परत पाठवल्या असत्या.

फुगे पूर्वीही झाले, आणि काहींनी मागे चांगलं सोडलं. मुंबईला मुलाकडे जाताना मी पंचवटी एक्स्प्रेसने कसारा घाट उतरतो. तो घाट १ जानेवारी १८६५ला सुरू झाला. त्याच वर्षी जुलैत मुंबईचा पहिला शेअर बाजार कोसळला होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर आपल्या कापसाला सोन्याचा भाव होता, त्यावर बॅकबेचा समुद्र भरून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्यांचे शेअर आभाळाला टेकले होते; युद्ध संपलं आणि सावकार, व्यापारी, बँका एकामागून एक झोपल्या. घाटाची रेल्वे त्या सट्ट्यातून बांधलेली नव्हती. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, आणि ती हमी अखेर इथल्या रयतेच्या करांतून भरली गेली. म्हणजे तो सौदाही आपल्याला महागच पडला. पण दीडशेहून जास्त वर्षं झाली, मार्ग तोच आहे. डॉट-कॉमच्या वेळी जमिनीत पुरलेल्या इंटरनेटच्या फायबर केबलचंही तसंच. कंपन्या बुडाल्या, दोऱ्या पुढे कामी आल्या. पाच वर्षांनी भंगारात जाणारी चिप काय मागे ठेवणार? इमारत राहील, विजेची सोय राहील. ती थोडीथोडकी नाही म्हणा. ओपनएआयच्या ‘स्टारगेट’ नावाच्या डेटा सेंटर योजनेत दहा गिगावॉट वीज लागणार आहे. आपलं एकलहऱ्याचं वीजकेंद्र ६३० मेगावॉटचं. म्हणजे जवळजवळ सोळा एकलहरे.

हे सारं सातासमुद्रापार, आपल्याला काय त्याचं? हाच प्रश्न मी कृष्णनगरच्या बागेत आमच्या सकाळच्या मंडळात विचारला तेव्हा एक जण गप्प बसले. नंतर एकट्याला गाठून म्हणाले, ‘मी नॅसडॅकच्या ईटीएफमध्ये पैसे टाकलेत. मुलाने सांगितलं, एआयचं युग आहे.’ (हा ईटीएफ म्हणजे अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारातल्या कंपन्यांच्या शेअरांची जुडी, जी इथल्या बाजारात एका शेअरसारखी मिळते.) सरकारी नोकरीतून मिळालेली ग्रॅच्युइटी होती. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशात किती गुंतवता येईल यावर एकूण सात अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली की फंडांना नवे शेअर घेता येत नाहीत, पण इथल्या बाजारात त्या ईटीएफना मागणी चालूच राहते. मग आतल्या मालाच्या किमतीपेक्षा भाव वर जातो. मी त्यांच्या मोबाइलवर दोन्ही आकडे शेजारी दाखवले. शंभर रुपयांच्या मालाला त्यांनी एकशे बारा रुपये मोजले होते. अमेरिकेतला फुगा राहो वा जावो, वरचे बारा रुपये आपल्याच लोकांनी फुगवलेत. आपल्या दैनिकात बाजारभावांचं अख्खं पान असतं. त्यात या ईटीएफचा भाव छापता तसाच शेजारी त्याच्या आतल्या मालाचा भावही छापा, एवढी विनंती. एक रकाना वाढेल.

दुसरी विनंती जाहिरात विभागाला. ‘तीन महिन्यांत एआय तज्ज्ञ, नोकरीची हमी’ असल्या पानभर जाहिराती गेल्या महिन्यात मी आपल्याच अंकात मोजल्या, सात निघाल्या.

नोकरीचं बोललोच आहे तर थोडं घरचं सांगतो. १९९०च्या सुमारास आमच्या शाखेत पहिलं लेजर पोस्टिंग मशीन आलं. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, एसी बसवला. माणसं घामाने भिजलेली आणि मशीन गारव्यात! आत जाताना आम्ही चपला बाहेर काढायचो, देवळात जावं तशा. त्याआधी महिनाअखेरीचं बॅलन्सिंग म्हणजे रात्री अकरापर्यंत बसणं; एकदा नव्वद पैशांचा फरक शोधायला आम्ही तिघांनी दोन शनिवार घालवले होते. मशीनने ते काम दुपारच्या चहाआधी संपवलं. युनियनने काळे बिल्ले लावायला सांगितले, मीही लावला. नोकऱ्या जाणार, अशी घोषणा होती.

आमच्यातल्या कुणालाही काढलं नाही. पण पुढे वर्षानुवर्षं आमच्या शाखेत नवा क्लार्क आला नाही. २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा सरकारी बँकांतून लाखभर माणसं बाहेर पडली, आमच्या शाखेतून सहा. त्या खुर्च्या मग उचलून स्टोअररूममध्ये ठेवल्या. माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षं बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केला, जागाच निघेनात, शेवटी त्याने सातपूरला वर्कशॉपमध्ये काम धरलं. मोर्चात आम्ही आमच्या नोकरीसाठी ओरडत होतो. नोकरी भावाची गेली, आणि ती त्याला कधी लागलीच नव्हती, त्यामुळे कुठल्या आकडेवारीत तिची नोंदही नाही.

म्हणून टीसीएससारखी कंपनी जुलै २०२५मध्ये सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याची बातमी येते तेव्हा सगळे तिकडे बघतात, आणि मी दाराकडे बघतो. आत येणारे किती? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांवरून काढलंय की एआयचा धक्का जिथे जास्त बसतो त्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला; त्याच कामांतल्या थोराड मंडळींना तितकी झळ नाही. माझ्या भाचीची मुलगी सिडकोतल्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं इथे बसून भरायचं काम. पूर्वी बारा मुली होत्या, आता पाच. कुणाला काढलं नाही. लग्न होऊन गेली, पुण्याला गेली, तिची जागा भरली नाही. उरलेल्या पाच जणी मशीनने भरलेली बिलं तपासतात. ती सांगते, ‘आजोबा, नवीन मुलीला शिकवायला पूर्वी साधी बिलं द्यायचो. आता साधी बिलं मशीनच करतं. अवघड बिलं यायला लागायची तर आधी साधी हवीत ना?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

मी स्वतः हे तंत्र वापरतो, उगाच नाकं मुरडत नाही. वडिलांच्या हस्ताक्षरातली जुनी पत्रं मोबाइलला दाखवली, त्याने भराभर वाचून दिली. एका ठिकाणी गट नंबर चुकीचा वाचला. दाखवून दिल्यावर माफी मागितली आणि पुन्हा तेवढ्याच ठामपणे दुसरा चुकीचा नंबर सांगितला. आमच्याकडे असा एक हेडक्लार्क होता.

गेल्या महिन्यात विंचूरला लग्नाला गेलो होतो, वाट वाकडी करून आप्पांच्या मळ्यात डोकावलो. आप्पा आता ऐंशीला टेकलेत, बाग मुलगा बघतो. मांडव तोच. अँगलला नवा लाल रंग दिलाय. बागेच्या मधोमध एक पांढरा खांब उभा होता, वर छोटं सोलर पॅनेल, खाली पानांचा ओलावा आणि जमिनीची ओल मोजणारी यंत्रं. मुलगा म्हणाला, एआयवालं हवामान केंद्र आहे, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) कधी येणार ते मोबाइलवर आधी सांगतं. राज्य सरकारनेही जून २०२५मध्ये शेतीतल्या एआयसाठी पाचशे कोटींचं धोरण मंजूर केलंय, त्यातून पुढे काही मिळतंय का ते तो बघतोय. मी विचारलं, फायदा किती? ‘ऑक्टोबर छाटणीनंतर दोन फवारण्या वाचल्या, काका.’ दोन फवारण्यांचे पैसे थोडे नसतात, औषधाची दुकानं उधारीवर चालवणाऱ्यांना विचारा. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू यांचा अंदाज आहे की एआयमुळे अमेरिकेची एकूण उत्पादकता दहा वर्षांत मिळून एक टक्क्याच्याही आतच वाढेल. तो अंदाज आणि या दोन फवारण्या मला एकाच मापाच्या वाटल्या. आणि तिकडे ऑक्टोबर २०२५मध्ये एकट्या एनव्हिडियाची बाजारातली किंमत पाच हजार अब्ज डॉलरवर गेली होती.

खांब विकत घेतलाय, पण अ‍ॅपचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. मी सवयीने विचारलं, ‘आणि कंपनी बंद पडली तर?’

मुलगा उत्तर द्यायच्या आत खाटेवरून आप्पा म्हणाले, ‘त्या कडेचा अँगल वाकलाय. हा खांब तिथे तारेला टेकू म्हणून लावीन.’

आपला,
एक निवृत्त शेतीकर्ज अधिकारी,
इंदिरानगर, नाशिक